मुक्ताला, निबंधाबद्दल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास, त्याचा राग नाही. हे पत्र फक्त निबंधाबद्दल आहे. एमिली ब्रॉन्टेच्या 'वुदरिंग हाइट्स' कादंबरीवर फार नेमकं लिहिलंयस. बापाने घरी आणलेला पोरका हीथक्लिफ हिंडलीने छळून कसा घडवला, ते पान मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. फक्त ते एक वाक्य: 'प्रेमाच्या टोकाला गेलेला माणूस समाजाचे नियम मोडतोच.' मोडतो कुठे गं?

चौदावं प्रकरण बघ. हीथक्लिफ स्वतःच नोकराणी नेलीला सांगतो, मी कायद्याच्या आतच राहतो, वेगळं व्हायचा हक्क मागायला बायकोला, इझाबेलाला, जागाच ठेवलेली नाही. हिंडली जुगारात बुडतो, जमीन गहाण पडते, गहाणदार हीथक्लिफ. सगळं कागदोपत्री. इझाबेला पोटुशी असताना दक्षिणेत पळते, मुलगा तिथेच जन्मतो. ती वारल्यावर हीथक्लिफ मुलाला मागून घेतो आणि तिचा भाऊ एडगर, एकेकाळी स्वतः मॅजिस्ट्रेट असून, मुकाट्याने देतो, कारण मुलावर हक्क बापाचा. आईला सात वर्षांखालच्या मुलासाठी नुसता अर्ज करता यायला १८३९ उजाडलं, आणि गोष्ट घडते अठराव्या शतकाच्या शेवटी. कादंबरी आली १८४७ मध्ये, तेव्हाही बायकोची चीजवस्तू नवऱ्याचीच होती. तो कायदा बदलायला १८७० आणि १८८२ लागलं. एडगरच्या मुलीला, कॅथीला, कोंडतो तिथे मात्र उघड गुन्हा आहे, पण आपल्या मुलाशी तिचं लग्न लावल्यावर तोही पचतो. वकील आधीच फितवलेला, म्हणून एडगरला मृत्युपत्र बदलता येत नाही. ही साखळी निबंधात घाल. कबर उकरण्यावर दोन पानं खर्च केलीस, तिथली एक काप.

आणि ती कुत्री. घरातून बाहेर पडताना इझाबेला आपल्या डोळ्यांनी बघते की हा फॅनीला फास लावतोय. गयावया करते, आणि तरी त्याच्याबरोबर जाते. तुझ्या निबंधात हे एका ओळीत उरकलंयस. का?

बघ, सुरू झालंच माझं. रविवारी फोन आधी त्याने उचलला, मग 'कोण आहे' विचारून तुला दिला. गेल्या महिन्यातही तसंच. असेल, तू स्वयंपाकात असशील. मी काही म्हणत नाही.

साधारण आठ आठवड्यांनी इझाबेला पत्र लिहिते, हा माणूस आहे, वेडा आहे की सैतान, असं विचारते. पण लिहिते कुणाला? नेलीला, घरातल्या नोकराणीला. भावाला लिहायची सोय नाही; त्याने ती आता नावापुरती बहीण म्हणून जाहीर केलंय. घराण्याच्या अब्रूला साजेसंच वागला तो. मला विचारशील तर हीथक्लिफला सगळ्यात जास्त उपयोग एडगरच्या त्या बंद दाराचाच झाला. रविवारी मी जे बोलले ते एडगरचं बोलणं होतं. चुकलं माझं. बाबा तर तेव्हाच म्हणाले. तुझी खोली आहे तशीच आहे, किल्ली जोशीकाकूंकडे.

हॉवर्थला, ब्रॉन्टेंच्या गावाला, जाणार आहात ना? कादंबरीतलं घर म्हणून लोक बघायला जातात त्या टॉप विदन्सच्या पडक्या घरावर १९६४ ची पाटी आहे, हे घर कादंबरीतल्या घरासारखं नव्हतं असं स्पष्ट लिहिलेलं. लोक ती वाचून फोटो काढतातच. तिथे लवकर अंधारतं, जाडे बूट घाल. श्रुतीलाही ने.

येत्या रविवारी नऊला फोन करते. तू उचल.

तुझी,
आई