मखमलाबादच्या आण्णांना, फुलांच्या दुकानातून

तीर्थस्वरूप आण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चल, काहीतरीच’ म्हणता आणि गाडीला किक मारता. मध्यंतरी तुमच्या मुलाने सांगितलं की गुडघे आता साथ देत नाहीत, यंदापासून झेंडू नाही, त्या वावरात टोमॅटो लावणार. तेव्हापासून मनात घोळतंय की आमच्या दुकानाचा इतिहास कुठेतरी लिहून ठेवायला हवा, आणि तो तुमच्याशिवाय लिहिताच येत नाही.

आजोबा १९७२च्या दुष्काळात सिन्नर तालुक्यातलं गाव सोडून नाशकात आले. विहीर आटलेली, बैल विकलेले. सुरुवातीला त्यांनी मिळेल ती हमाली केली. आजीच्या हातात कला होती. ती केळीच्या सोपटात मोगऱ्याचे गजरे असे बांधायची की कळी जराही दबायची नाही. मग आजोबा दुरडी घेऊन रामकुंडावर बसू लागले. यात्रेकरूंना गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडायला फुलं लागत, बायकांना वेण्या लागत. पुढे सराफ बाजाराच्या उतारावर ओट्याएवढी जागा मिळाली, तिथे फळ्यांचं दुकान झालं आणि बऱ्याच वर्षांनी त्याला शटर लागलं.

तुमची ओळख १९९१च्या सिंहस्थातली. वडील ती हकीकत रंगवून सांगायचे. पर्वणीला माल सकाळीच संपला, गिऱ्हाईक हटेना, आणि दुकानात नवा माल घ्यायला पैसे नाहीत. तुम्ही तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं पोर, टेम्पोत झेंडूच्या जाळ्या घेऊन दुसरीकडे निघालेले. आजोबांचा चेहरा पाहून तुम्ही निम्मा माल तिथेच उतरवलात. ‘पैसे पर्वणी झाल्यावर द्या.’ ना ओळख, ना पाळख. तिथून पुढे आमच्या वहीत तुमचं पान कायमचं झालं.

त्या वहीचं काय झालं, तेही सांगते. २ ऑगस्ट २०१६, मंगळवार, दिव्यांची अवस. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून आम्ही दुकान भरून ठेवलेलं. फुलवाल्याचं वर्ष श्रावणातच सुरू होतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून नाशिककर पुराचं माप काढतात, पण त्या दिवशी माप काढत बसायला उसंतच मिळाली नाही. गंगेचं पाणी सराफ बाजारात शिरलं, उतारावरची दुकानं एकामागून एक बुडाली. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर आत गुडघाभर गाळ. दोऱ्याची रिळं, दुरड्या, तागडी, बुकेचं सामान, सगळं चिखलात. गल्ल्याखालची वही सापडली, पण पानं एकमेकांना चिकटलेली आणि शाई पसरून नुसता निळा डाग झालेला.

त्यात तुमची उधारी होती आणि लहान रक्कम नव्हती. तुम्ही गाळ काढायला फावडं घेऊनच आलात. वडिलांनी ती ओली वही तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती उघडलीही नाही. म्हणालात, ‘वही गेली तर गेली, तुमच्या ध्यानात असेल तो आकडा खरा.’ वडिलांनी आकडा सांगितला, तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा फावडं उचललंत. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात तुमच्या झेंडूच्या आणि शेवंतीच्या जाळ्या हजर होत्या. दुकानात अजून चिखलाचा वास होता, म्हणून बाहेर पाट मांडून आजीने आणि आईने हार ओवले. श्रावण चुकला नाही आमचा, आण्णा. तो चुकला असता तर दुकान पुन्हा उभं राहिलं नसतं, हे मला आज हिशोब बघताना पक्कं कळतं.

त्यानंतर वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि पहाटेची खरेदी माझ्याकडे आली. बाजारात सगळे पुरुष, भाव सांगताना माझ्या डोक्यावरून पलीकडे बघणारे. माल कसा पाहायचा ते तुम्ही शिकवलंत, तेही स्वतःच्याच मालावर. वरचा थर सगळेच चांगला लावतात, तेव्हा हात थेट जाळीच्या तळाशी घालायचा. फूल उलटं करून देठापाशी दाबायचं. बोट ओलं झालं तर संध्याकाळपर्यंत ते काळं पडणार. पावसात भिजलेला झेंडू वजनाला भरतो, हारात टिकत नाही. एकदा तुमच्याच जाळीत अशी फुलं निघाली तेव्हा तुम्ही ती जाळी बाजूला काढून ठेवलीत आणि तिचे पैसे घेतले नाहीत. समोरच्या व्यापाऱ्यांनी ते पाहिलं. त्या दिवसानंतर मला कुणी तळाशी ओला माल घातलेली जाळी दिली नाही. माझी पत बाजारात तुमच्यामुळे तयार झाली.

२०१९च्या ऑगस्टात नागपंचमीच्या आदल्या दिवशी पुन्हा पूर आला, पण तोवर आम्ही सामान माळ्यावर ठेवायला शिकलो होतो.

२०२०चा पाडवा मात्र कुणाच्याच हातात नव्हता. २५ मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवशी देश बंद. काळारामाचं दार बंद, चैत्रातली रथयात्रा नाही, लग्नं नाहीत. आमचं निदान शटर ओढून भागलं. तुमचं पीक वावरात फुलून उभं होतं. तोडायची मजुरीही निघेना म्हणून तुम्ही फुललेल्या झेंडूवर रोटाव्हेटर फिरवलात. आणि त्याच दिवसांत आमच्या घरी मेथी, कांदे, गव्हाची गोणी तुम्ही पाठवलीत. स्वतःचा मळा मातीत घातलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातल्या चुलीची काळजी कशी राहते, हे मला आजवर उलगडलेलं नाही. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. तेव्हाही भवानीचा, म्हणजे पहिल्या विक्रीचा, हार तुमच्याच फुलांचा झाला.

आता दुकानात जानोरीचे गुलाब येतात, जरबेरा येतो, वाढदिवसाच्या बुकेंवर बरीच कमाई होते. दसऱ्याला प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं शेजारच्या दुकानांत लटकतात. पुष्कळ गिऱ्हाइकं मागतात, तरी मी ती ठेवत नाही. एक तोरण घरात आलं की वर्षानुवर्षं दारावर राहतं आणि तितके दसरे कुणातरी शेतकऱ्याची जाळी विकायची राहते. सणाला प्लास्टिक लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

तुमचा झेंडू नाही म्हटल्यावर यंदा मातोरीच्या एका शेतकऱ्याशी बोलणं केलंय. नवीन पोरगा आहे, माल बरा आहे. पैसे रोख देते. पण त्याच्यावर कधी वेळ आली तर आगाऊ द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. तसं करणारी माणसं या धंद्यात असतात हे तुमच्याकडे पाहूनच मला कळलंय.

वडिलांना आता बोलायला त्रास होतो. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. ‘गोणी’ या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं आणि बोटांनी दोन दाखवलं. म्हणजे गव्हाच्या गोण्या दोन होत्या. दुरुस्ती त्यांची आहे, ती इथे नोंदवते.

दसऱ्याच्या आदल्या रात्री दुकान उघडंच असेल. भाचा गाडी घेऊन मखमलाबादला येईल, त्याच्यासोबत या. काकूंनाही आणा. आईने त्यांच्यासाठी मोगऱ्याची वेणी आधीच कबूल करून ठेवली आहे. गुडघ्यांसाठी खुर्चीला गादी लावून घेतली आहे, त्यामुळे ती सबब चालणार नाही.

तुमची लेक