खुला विषय खरोखर खुला हवा

पदवी अभ्यासक्रमातील ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे मुख्य विषयाखेरीज आवडीने निवडायचा खुला विषय, हा विद्यार्थ्यांवर लादलेला भार आहे, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील तक्रार खरी आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयानुसार हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, आणि त्यामागचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. घोडे अडते ते निवडीपाशी. माझी मुलगी रसायनशास्त्र शिकते. तिला इतिहास हवा होता, मोडी वाचायला शिकायचे होते. प्रवेशाच्या वेळी हाती आलेल्या यादीत वाणिज्य शाखेचे दोनच विषय होते आणि त्यांतल्या एकापुढे पेनने ‘जागा भरल्या’ असे लिहिलेले होते. दोन क्रेडिटचा (श्रेयांकांचा) विषय म्हणजे तीस तासांचे अध्यापन. ज्या प्राध्यापकांचा कार्यभार कमी पडतो, त्यांचा विषय मुलांच्या माथी मारून हे तास भरले जाणार असतील, तर दोष धोरणाचा नव्हे, ते राबवणाऱ्यांचा आहे. एकाच गावातील महाविद्यालयांनी या विषयांसाठी आठवड्यातील समान वेळ राखून ठेवली, तर विद्यार्थ्याला शेजारच्या महाविद्यालयात जाऊन हवा तो विषय शिकता येईल. तिथे मिळवलेले क्रेडिट जमा करण्यासाठी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन श्रेयांक खात्याची सोय आहेच. विद्यापीठांनी असे सामाईक वेळापत्रक पुढील प्रवेशांपूर्वी जाहीर करावे.

– एक पालक, सातारा