गावात बाप्या माणूस नव्हता

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

हलक्या धानाची कापणी उरकली. भारी धान अजून बांधीत उभं आहे आणि रानडुकरांनी यंदा वैताग आणलाय, म्हणून तुझे बाबा रोज जागलीला जातात. वाघाच्या भीतीनं चौघं मिळून जातात, काळजी करू नकोस. रात्री घरात मी एकटीच असते. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि मी विषय सोडून देते. हा विषय मला सोडायचा नाही.

परवा तुझा मामेभाऊ आला होता. चहा पिता पिता त्यानं मोबाइलवरचा तुझा आणि एका अनोळखी माणसाचा वाद माझ्यापुढे धरला. म्हणाला, "आत्या, पाह्य, दादानं कसा झोडपला त्याले." पोट्टा मोठ्या कौतुकानं दाखवत होता. मी चष्मा लावून ते सगळं वाचलं, अगदी पहिल्या ओळीपासून.

तो अनोळखी माणूस सुरुवातीला काय म्हणत होता ते तुला आठवतं का? त्यानं लिहिलं होतं की चिमूरला ४२ साली 'चले जाव'च्या वेळी जमावानं सरकारी माणसं मारली, त्याला नुसती क्रांती म्हणून कसं चालेल? आणि त्याच काळात त्याचे आजोबा महार पलटणीत होते, त्यांची आठवण मात्र कोणी काढत नाही. यावर तू आधी एक फोटो टाकलास. मग "तुमची पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांची चाकरी" असं लिहिलंस. आणि रात्री पावणेएक वाजता त्याच्या आईबद्दल एक ओळ लिहिलीस. ती मी इथे उतरवू शकत नाही. ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पोरांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं. पण माझ्या पोराच्या हातची ती ओळ वाचून मी तो चहा तसाच ठेवून आत गेले.

बाबू, ती ओळ तू चिमूरची बाजू घेऊन लिहिलीस. म्हणून आता माझ्या आजीबद्दल सांगते. लहानपणी तुला सांगितलं नाही, आणि मोठा झाल्यावर सांगायचं राहून गेलं.

आजी १९४२ साली वीस वर्षांची होती, नुकतीच चिमूरला नांदायला आलेली. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. प्रभातफेरी निघाली, पुढाऱ्यांना पकडलं, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा पडला. हे सगळं तुला पाठ आहे, तूच पाचवीत असताना यावर भाषण केलं होतंस. पण आजी सांगायची ती गोष्ट तिथे थांबायची नाही. संतापलेला जमाव डाकबंगल्याकडे गेला. त्या दिवशी उपविभागीय अधिकारी मारला गेला, नायब तहसीलदार मारला गेला, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाईही मारला गेला. आजी म्हणायची, "जळल्याचा वास दोन दिस होता वं." झाडं पाडून, पूल तोडून रस्ते अडवले होते, वरून श्रावणाचा पाऊस. १९ तारखेला गोरे सैनिक आणि पोलीस गावात शिरले.

त्यापुढचं आजी एकाच वाक्यात सांगायची. "तवा गावात बाप्या माणूस नोता." पुरुष पकडून नेले होते, उरलेले जंगलात पळाले होते. घरात बायका आणि लेकरं. एवढं बोलून ती उठायची आणि काहीतरी काम काढायची. सुपात तांदूळ घ्यायची, ते आधीच निवडलेले असले तरी. मी मोठी झाल्यावर एकदाच विचारलं, "आजी, आपल्या घरी?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, शेजारी." ते खरं होतं की नाही, हे मी तिला पुन्हा विचारलं नाही.

बाईच्या शरीरावर सूड घेतला जातो तेव्हा काय उरतं, ते मी त्या सुपाजवळ पाहिलं आहे. त्याच गावाची बाजू घेताना तू एका परक्या बाईला, त्या माणसाच्या आईला, मधे ओढलंस. तिनं तुझं काय केलं होतं? ती कुठल्या तरी गावात भाकऱ्या थापत असेल.

आता त्या माणसाच्या म्हणण्याकडे येते. तो खोटं बोलला नव्हता. ती चार माणसं मारली गेली होती. वर्ध्याकडच्या आष्टीलाही त्याच दिवशी पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबारात गावची माणसं पडली आणि फौजदार व शिपाईही मारले गेले. ज्यांना हुतात्मा म्हणून आपण हार घालतो त्यांच्याबद्दलचा आदर हे बोलल्यानं माझ्या मनातून तसूभर कमी होत नाही. पण तू त्याला "पुरावा दे" म्हणून डिवचत राहिलास, आणि पुरावा तुझ्या पणजीच्या तोंडी होता.

यात माझीही चूक आहे आणि ती मला तुझ्यापुढे मान्य करायची आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये मी चौथीच्या वर्गाला चिमूरची गोष्ट सांगायची. एकदा मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते साहेब कोणाचे बाबा होते का?" वर्ग शांत झाला. मी म्हटलं, "चला, पुढचं पान काढा." तेव्हा मला भीती वाटली, की उत्तर दिलं तर पोरांच्या मनातला अभिमान डळमळेल. ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे, बाजारात भेटते, नमस्कार करते. दर वेळी मला तो प्रश्न आठवतो. तुलाही मी तीच अर्धी गोष्ट देऊन पाठवलं. मग तू अर्ध्या गोष्टीसाठी जिवाच्या आकांतानं भांडतोस, यात तुला एकट्याला कसा दोष देऊ?

त्या फोटोचं मात्र तुला कळायला हवं होतं. "चिमूर १९४२" म्हणून तू जो टाकलास, त्यातल्या माणसांच्या अंगावर जाड गरम कोट आहेत आणि मागे पानं झडलेली झाडं आहेत. श्रावणात, आपल्याकडे? बांधीत गुडघाभर चिखल असतो तेव्हा? तू इथे जन्मलास बाबू. तो फोटो जगातल्या कुठल्या तरी दुसऱ्याच दुःखाचा आहे. तुला तो कोणी पाठवला आणि तू न पाहता पुढे केलास. सत्तावीस जणांनी पसंतीचा अंगठा दिला, एकालाही कोट दिसले नाहीत.

आणि "चाकरी". हा शब्द मला त्या शिवीइतकाच लागला. महारांची पलटण पहिल्या महायुद्धात, १९१७ साली उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. नंतर वीस वर्षं त्या समाजाला फौजेचं दार जवळपास बंदच होतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. डॉ. आंबेडकर त्यासाठी आग्रही होते, आणि १९४२ मध्ये तर ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. हिटलर आणि जपान जिंकले तर या देशाचं काय होईल, याची त्यांना खरी धास्ती होती. ज्या गावात विहिरीवर घागर लावू देत नव्हते, त्या गावातून निघालेल्या पोराला अंगावर वर्दी आणि पायात बूट मिळाले, महिन्याला पगार मिळाला. आपल्याच गावच्या बौद्ध वस्तीत अशा एका आजोबांची लोखंडी पेटी अजून आहे. लग्नात पाहिली आहेस तू, तिच्यावर नवरीचं सामान ठेवलं होतं. ज्यांच्या घरी ती पेटी आहे त्यांच्यासमोर बसून तू "चाकरी" म्हणशील? मग ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला कसं म्हणालास?

त्या युद्धात आपली माणसं दोन्हीकडे होती, हे तर तू स्वतःच मला एकदा सांगितलं होतंस. १९४४ मध्ये इंफाळजवळ आझाद हिंद फौजेत भारतीय माणूस आणि समोरच्या इंग्रजांच्या फौजेतही भारतीय माणूस. इंग्रजांच्या त्या फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास आपली माणसं होती, सगळी आपणहून भरती झालेली. कोणी देशासाठी म्हणून, कोणी जर्मनीच्या विरोधात, आणि पुष्कळ जण घरी चूल पेटत नव्हती म्हणून. पुढे १९४५ साली लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या सुटकेची हाक देशभर उठली आणि फौजेतही त्यांच्याबद्दल सहानुभूती होती. इतकं गुंतलेलं आहे ते. एका शब्दात बसत नाही.

बंगालच्या दुष्काळावरूनही तुमचं जुंपलं होतं. तू तीस लाख म्हणालास, दुसऱ्या कोणी पंधरा लाख लिहिलं, लगेच तो इंग्रजांचा दलाल झाला. अरे, सरकारी चौकशी आयोगानं १९४५ मध्ये पंधरा लाखांचा अंदाज दिला होता, आणि अमर्त्य सेन यांनी नंतर हिशेब मांडला तो तीस लाखांच्या आसपास गेला. तो कुठला आकडा वाचून आला हे तू विचारलं असतंस तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. तुम्ही त्यावर रात्र घालवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, मला झोप येत नाही ती याच्यामुळे. चिमूरच्या बायकांचं काय झालं हे बाहेर कसं कळलं, ठाऊक आहे? वर्तमानपत्रांना ही बातमी छापायला बंदी होती. नागपूरहून काही शिकलेल्या बायका चिमूरला आल्या, घराघरात बसल्या, त्यांनी ऐकून घेतलं. डॉ. मुंजेही आले. ते हिंदू महासभेचे, काँग्रेसच्या आंदोलनाशी त्यांचं जमत नव्हतं, गांधींशी तर मुळीच नाही. तरी त्यांनी इथे येऊन माहिती गोळा केली आणि जाहीर निवेदन काढलं. दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचे प्रा. भन्साळी, गांधींचे माणूस. त्यांनी दिल्लीत बापूजी अणे यांच्या दारी उपोषण सुरू केलं. अणे आपल्या वणीचे आणि तेव्हा व्हाइसरॉयच्याच मंडळात. भन्साळींची मागणी चौकशीची होती. ६३ दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. बातमीवरच्या बंदीच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. चौकशी सरकारनं शेवटपर्यंत केली नाही. पण आज तू आणि मी जे जाणतो ते त्या ऐकून घेणाऱ्यांमुळे. एकमेकांचं राजकारण न पटणारी ती माणसं होती. माझ्या आजीच्या शेजारणीनं तोंड उघडलं, कारण समोर बसलेली बाई आधी गप्प बसून ऐकत होती.

तू वाद घालणं सोड असं मी म्हणत नाही. तुझे बाबा पानठेल्यावर निवडणुकीच्या दिवसांत आवाज बसेपर्यंत वाद घालतात आणि मला ते आवडतं. तुला इतिहासाची कळकळ आहे, ती माझ्याकडून आली आहे, मला तिचा अभिमान आहे. पण रात्री पावणेएक वाजता, थकलेला असताना, ज्याला ओळखत नाहीस त्याला लिहू नकोस. आणि कोणाची आई, कोणाची बहीण, कोणाची जात कधीच मधे आणू नकोस. माझी शपथ घालत नाही, तू तेवढा मोठा आहेस.

आता एक काम कर. त्या माणसाला लिही, सगळ्यांना दिसेल असं, जिथे शिवी लिहिलीस तिथेच. तो फोटो चिमूरचा नव्हता हे लिही. त्याच्या आईची माफी माग. त्यानं सांगितलेली चार माणसं खरोखर मारली गेली होती हे लिही आणि त्यानंतर १९ तारखेला काय झालं तेही लिही. पणजीचं वाक्य लिहायचं असेल तर माझी परवानगी आहे, तिचं नाव मात्र नको. आणि त्याचे आजोबा कुठल्या कुठल्या मुलखात गेले होते, घरी काय सांगायचे, ते विचार. मलाही ऐकायचं आहे.

बालाजीच्या घोडा यात्रेला दोन दिवसांची रजा काढून ये. डाकबंगला कुठे होता ती जागा तुला दाखवते, आजीचं घरही. ओसरी पडली आहे, पण उंबरठा शाबूत आहे.

त्या माणसाचं उत्तर आलं तर मला वाचून दाखव. नाही आलं तरी कळव.

तुझी,
आई