नवी पानं सात, मागितली साडेसात हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाजारभावाचं संकेतस्थळ ऐन दुपारी उघडत नाही, नुसतं चाक गरगरत राहतं, अशी तक्रार करणारं एका शेतकरी वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांचा राग रास्त आहे. ट्रॅक्टर भरून दारात उभा आणि माल लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, हे ठरवायला भावच दिसत नाही, तेव्हा कसं होतं ते मीही अनुभवलंय. पण ‘सर्व्हरची क्षमता वाढवा’ एवढ्यावर त्यांनी पत्र आटोपतं घेतलं, म्हणून हा कागद. त्या सर्व्हरवर गर्दी करतं कोण? सगळ्यांचं मला ठाऊक नाही. एकाचं ठाऊक आहे, तो मीच.

निफाड तालुक्यात माझी कांदा आणि थोडी द्राक्षं आहेत. कधीकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, तो धूळ खात पडला होता. २०२० च्या टाळेबंदीत मुलाच्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो. हेतू एकच: चाळीतला उन्हाळ कांदा नेमका कधी काढायचा, हे गावगप्पांवर न ठरवता मागच्या भावांवरून ठरवायचं. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सात बाजार समित्या, मागची तीन वर्षं, रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. संकेतस्थळावरून एकेक पान आणायचं, त्यातला तक्ता उचलायचा, आलेख काढायचा. पहिल्यांदा आलेख उमटला तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मग तो प्रोग्रॅम मी रोज सकाळ-संध्याकाळ आपोआप चालेल असा लावून दिला आणि विसरलो.

आता हिशेब बघा. तीन वर्षांचे दिवस १०९५. सात बाजार. म्हणजे एका खेपेला ७६६५ पानं, दोन खेपांना १५,३३०. रोजच्या रोज. आणि त्यात खरोखर नवीन पानं किती? सात! बाकी सगळी कालही तीच होती, परवाही तीच होती. तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारचा विंचूरचा भाव आज काय बदलणार आहे? माझे वडील त्या-त्या दिवसाचा भाव भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीनं टिपायचे. गेल्या वर्षीचा भाव विचारायला ते पुन्हा मोंढ्यावर गेले नाहीत. मी मात्र रोज दोनदा जात होतो, आणि तेही तीन वर्षं मागे.

व्हायचं ते झालं. एके सकाळी प्रोग्रॅमला भावाऐवजी ‘४०३’ मिळू लागलं. एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या भाषेत, ४०३ म्हणजे तुझं म्हणणं कळलं, पण देणार नाही. मोबाइलच्या डेटावर साइट उघडत होती, घरच्या वायफायवर नाही. राउटर बंद-चालू केला, फरक शून्य. शेवटी केबलवाल्याच्या पोरानं उलगडा केला. गावातल्या बऱ्याच जोडण्या बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच घरक्रमांकावरून दिसतात. पत्ते अपुरे, म्हणून छोटे नेटवाले अशी वाटणी करतात. म्हणजे अडवलं मला, पण दार बंद झालं अख्ख्या आळीचं. पुढचे अकरा दिवस चहाच्या टपरीवर ‘सरकारची साइट पुन्हा झोपली’ म्हणून जो उद्धार चालला होता, तो मी खाली मान घालून, बशीतला चहा फुंकत ऐकला. दोनदा तर हं-हं सुद्धा म्हणालो.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, “मामा, आणलेलं पान डिस्कवर ठेवायचं असतं हो. कॅशे.” त्यासाठी पायथनमध्ये ‘रिक्वेस्ट्स-कॅशे’ नावाची लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड आहे. फुकट आहे, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या की काम सुरू. कुठला पत्ता मागितला, कुठली तारीख दिली, यावरून ती एक खूणचिठ्ठी बनवते आणि आलेलं उत्तर त्या खुणेखाली एका फाइलमध्ये लिहून ठेवते. फाइल एसक्यूलाइटची, म्हणजे आपल्या फोनमधली कितीतरी ॲप्स माहिती साठवायला वापरतात तीच. पुढच्या वेळी तेच पान मागितलं की लायब्ररी आधी फाइलीत बघते. सापडलं तर नेटवर जातच नाही. लॅपटॉप बंद करा, आठवड्यानं उघडा, पानं जागच्या जागी. (‘कॅशे डिस्कवर ठेवली’ असं मी घरात म्हणालो तेव्हा सौ.नं विचारलं, किती? तिनं ‘कॅश’ ऐकलं होतं.)

पण माझ्या बाबतीत पहिल्या दिवशी या दोन ओळींनी ढिम्म काही झालं नाही. आणि इथेच संकेतस्थळ चालवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं आहे. त्यांचं पान फॉर्म भरून, ‘पोस्ट’ पद्धतीनं मागवावं लागतं. पोस्ट म्हणजे काहीतरी दाखल करणं, अर्ज टाकल्यासारखं. नुसती माहिती वाचायची तर ‘गेट’ पद्धत असते. लायब्ररी मुळात गेटची उत्तरं साठवते, पोस्टला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी तसं सांगितलं तेव्हा कुठे काम सुरू झालं. जुना भाव वाचायला अर्ज कशाला हवा? तारीख आणि बाजार पत्त्यातच दिसतील अशी साधी लिंक द्या. मग नुसता माझा प्रोग्रॅमच नाही, प्रत्येकाचा ब्राउझर आणि मधले सर्व्हरसुद्धा ती पानं जवळ ठेवू शकतील.

दुसरं असं की प्रत्येक पानाबरोबर हे संकेतस्थळ ‘नो-स्टोअर’ असा निरोप धाडतं: हे कुठेही साठवू नका. बँकेच्या खात्याला तो निरोप शोभतो. तीन वर्षांपूर्वीच्या कांद्याच्या भावाला कसली आलीय गुप्तता? बहुधा वापरलेल्या सॉफ्टवेअरनं तो आपसूक चिकटवलेला असणार आणि कोणी काढला नाही. त्याऐवजी ‘लास्ट-मॉडिफाइड’ म्हणजे शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, किंवा ‘ईटॅग’ नावाची छोटी खूण पाठवली, तर पुढच्या खेपेला आमचा प्रोग्रॅम एवढंच विचारेल, की बाबा, यानंतर काही बदललं का? नसेल बदललं तर सर्व्हरनं ‘३०४’ म्हणायचं, विषय संपला. पान पाठवायचंच नाही. वर्षानुवर्षं एचटीटीपीत असलेली सोय आहे, नवीन यंत्र विकत घ्यायला नको की निविदा काढायला नको.

आता माझ्यासारख्या हौशी मंडळींसाठी थोडं. कॅशे लावली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं समजू नका. माझं दोनदा हसू झालं.

एकदा संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद होतं आणि ‘काम चालू आहे, क्षमस्व’ असं पान येत होतं. पण त्या पानाबरोबर सर्व्हर आकडा पाठवत होता २००, म्हणजे सगळं ठीक. लायब्ररी २०० बघते आणि साठवते. क्षमस्वचं पान कायमचं फाइलीत जाऊन बसलं. भावाच्या जागी काहीच सापडेना, माझ्या आडाणी प्रोग्रॅमनं तिथे शून्य मांडलं, आणि तो आलेख मी न बघता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कळवणहून साडूंचा फोन, “अहो, काय झालं? निर्यातबंदी आली का काय?” तेव्हापासून पानात तक्ता सापडला तरच ते ठेवायचं, नाहीतर फाइलीतून काढून टाकायचं, अशी तपासणी घातली आहे. दुरुस्तीच्या पानाला ५०३ हा खास आकडा ठरलेला आहे. तो पाठवला असता तर साडूंचा रक्तदाब वाढला नसता.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. लिलाव सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत होतात. माझा प्रोग्रॅम सकाळचं सत्र उरकल्यावर त्या दिवसाचं पान घेऊन यायचा. लायब्ररीला आपण मुदत सांगितली नाही, तर तिच्या लेखी साठवलेलं पान कधीच शिळं होत नाही. त्यामुळे संध्याकाळच्या खेपेला तेच अर्धवट पान फाइलीतून निघायचं. जवळजवळ महिनाभर मी सकाळच्या भावालाच दिवसाचा भाव समजत होतो. व्यापाऱ्याकडची हिशोबपट्टी आणि आलेख समोरासमोर धरले तेव्हा क्विंटलमागे फरक दिसला आणि डोक्यात उजेड पडला. आता नियम असा: आजचं पान साठवायचंच नाही. गेल्या आठ दिवसांतली पानं एक दिवस ठेवायची, कारण समित्या मागाहून आकडे दुरुस्त करतात. त्याहून जुनं ते कायमचं.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. आमच्या भागात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा होती. तेव्हाच्या त्या तारखेचं पान ‘नोंद उपलब्ध नाही’ म्हणतं. बाजार समितीनं आकडा अजून चढवला नसेल तरी पान तेच म्हणतं, ‘नोंद उपलब्ध नाही’. पहिलं रिकामं पान कायमचं ठेवायला हवं, दुसरं अजिबात नको. मी सध्या पंचांग बघून अशा बंदच्या अमावस्यांची यादी प्रोग्रॅममध्ये हातानं घालतो, पण संपाच्या नि सणाच्या सुट्ट्यांचं काय? ‘लिलाव बंद’ आणि ‘आकडा यायचा आहे’ हे दोन वेगळे शब्द त्या तक्त्यात आले तर फार उपकार होतील.

अडवलेला आयपी पत्ता मोकळा झाल्यावर मी पहिल्यांदा सगळी पानं पुन्हा आणली, दर पानामागे एक सेकंद थांबत. सव्वादोन तास लागले. प्रोग्रॅम आपली ओळख म्हणून जो मजकूर पाठवतो त्यात माझा ईमेलही टाकला, म्हणजे त्रास झालाच तर दार लावण्याआधी निदान दोन ओळी लिहून कळवता येईल. ती फाइल आता साडेचारशे एमबीची झाली आहे. आता रोजच्या खेपेला आजची सात आणि गेल्या आठवड्यातली तपासणीची, अशी साठ-पासष्ट पानं लागतात. आलेख उघडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत येतात.

तालुक्यातल्या अनेक पोरांनी असे भावाचे, पावसाचे, धरणसाठ्याचे प्रोग्रॅम लिहिलेत, मला दाखवायला आणतात. चांगले असतात. पण पान कसं खेचायचं हे सगळ्यांना येतं, खेचलेलं ठेवायचं कुठे असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. कॉलेजात पहिलं शिकवतात, दुसरं बहुतेक राहूनच जातं.

पत्र छापलंत तर नाव गाळावं ही विनंती. टपरीवर आपलाच पेपर येतो, आणि त्या अकरा दिवसांचं अजून कोणाला ठाऊक नाही.

आपला,
एक कांदा उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक