‘तपासलेला माल’ म्हणता, मग भरपाईही द्या

मा. संपादक,
स. न.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे चादरींचे छोटे दुकान आहे. वर ‘सोलापुरी’ शिक्का आणि आत माल भलतीकडचा, हे वर्षानुवर्षे बघतोय. भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ते थांबले नाही. म्हणून गिऱ्हाइकाला मी आधी चादर उलटून बघायला सांगतो.

तोच मी बुटात फसलो. मुलाने एका रिसेल साइटवरून, म्हणजे लोकांनी घेतलेला माल पुन्हा विकून देणाऱ्या साइटवरून, साडेअकरा हजारांचे नायकेचे जॉर्डन बूट मागवले. शोरूममध्ये तो रंग संपलेला, म्हणून किंमत चढी. या बाजाराची रीतच तशी आहे: जोड मोजकेच निघतात, पहिला घेणारा जादा भावाने विकतो, आणि त्या जादा भावातच नकली माल खपून जातो. स्वस्त असता तर संशय तरी आला असता. खोके, बिल, ‘तपासून खात्री केलेला’ असा टॅग, सगळे जागच्या जागी.

एप्रिलच्या उन्हात तळवा सुटला. नवी पेठेतल्या चांभारमामांनी बोट घालून बघितले आणि म्हणाले, “मालक, ह्यो टाका नुसता दाखवायला हाय. आत सगळं सोल्युशनवर हाय.” घरी येऊन बुटाच्या जिभेमागचे लेबल वाचले, तर त्यावरचा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळेना. दुसऱ्याला चादर उलटायला लावणाऱ्याने बुटाची जीभ काही उलटली नव्हती.

साइटचे उत्तर: परतीची मुदत तीन दिवस, टॅग काढलेला नको, आम्ही फक्त मध्यस्थ. विकणाऱ्याचे खाते बंद.

मध्यस्थ असाल, तर ‘खात्री केलेला’ कोणी लिहिले? तपासणीचे पैसे कोणी घेतले? अमेरिकेत नायकेने स्टॉकएक्स या रिसेल कंपनीवर २०२२ मध्ये दावा लावला. माल तपासूनच पाठवतो, असे ही कंपनी सांगायची. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ३७ बनावट जोडांसाठी तिलाच जबाबदार धरले.

आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत अस्सलपणाची हमी देणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, पण ती स्वतःचा साठा विकणाऱ्या कंपनीवर. दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्या बाजारपेठेसाठी तसे कलम नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने तेवढी एक ओळ वाढवावी. तपासणीच्या नावाने पैसे घेणाऱ्याने नकली निघाल्यास पूर्ण रक्कम परत द्यावी, मुदतीची सबब नको. चिकटवलेला तळवा तीन दिवसांत सुटत नसतो.

तोवर ज्यांचे असे झाले असेल त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हे बंधन बाजारपेठेवर आजही आहे. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो, म्हणजे सोलापुरातच. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मी दोन्हीकडे अर्ज दिला आहे. खोके आणि लेबलांचे फोटो जोडलेत. खोके फेकले असते, तर हातात काहीच उरले नसते.

चांभारमामांनी तळवा असा काही बसवून दिला की जोड पुन्हा नवा दिसतो. मुलगा म्हणाला, “पप्पा, परत त्याच साइटवर टाकू की, जातील कुणालातरी.” बूट सध्या दुकानाच्या माळ्यावर आहेत, शिडी माझ्या ताब्यात.

आपला,
एक चादर विक्रेता, सोलापूर