पत्र्यावरची पळी

कानाझावा, जपान,
30 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, सकाळी फोन केला तेव्हा तुम्ही किल्लारीला 93 सालच्या भूकंपाच्या स्तंभापाशी उभे होतात. फैरींचा आवाज आला आणि तुम्ही "नंतर बोलू" म्हणालात. ते "नंतर" दरवर्षी राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. आईला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचंय ते फोनवर नीट जमणारही नाही. तेव्हा तुम्ही वाचून दाखवा. आणि मधलं काही गाळू नका, तुमची खोड मला ठाऊक आहे.

विषय परसातल्या पत्र्याच्या शेडचा आहे. मे महिन्यात मी आले होते तेव्हा त्यावरून झालं ते झालं. दादानं परसातलं शेड पाडून स्लॅबची खोली बांधायचा अंदाज काढून आणला होता आणि मी त्याच्या बाजूनं तावातावानं बोलले. सिमेंटच्या घरात सोयाबीनची पोती ठेवता आणि स्वतः पत्र्याखाली झोपता, लोक काय म्हणतील, असं मी म्हणाले. त्यावर आई म्हणाली, "लोक काय म्हणतील? लोकबी आपापल्या पत्र्यातच झोपत्यात." दादा हसला. मला तेव्हा हसू आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन निघाले आणि आईच्या पाया पडताना तिच्याकडे पाहिलंही नाही. ते पाच महिने मनात सलतंय.

मधल्या काळात मी नोतोला तीनदा मदतीला जाऊन आले. इथून उत्तरेला समुद्रात घुसलेलं बोटासारखं लांब द्वीपकल्प आहे ते. गेल्या वर्षी 1 जानेवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जो भूकंप झाला, 7.6 चा, तो तिथला. बातमी लागल्यावर तुमचे लागोपाठ अकरा फोन आले होते आणि तुम्ही ओरडत होतात, "बाहेर ये, बाहेर ये." इथे उलट शिकवतात, टेबलाखाली जा, बाहेर पळू नका. मी टेबलाखाली बसूनच तुम्हाला "हो, बाहेर आले" म्हणत होते. आता सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी त्यांचा नववर्षाचा सण होता. आपल्याकडे आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. त्यांच्याकडे शहरातली पोरंबाळं सणाला गावी आलेली. आणखी एक गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नोतोला तीन वर्षं आधीपासून धक्के बसत होते. 2023 च्या मे महिन्यात तर 6.5 चा मोठा बसला. म्हणजे आपल्याकडच्या 92 सालच्या आवाजांसारखंच की. तुम्ही तेव्हा महिनाभर रानात झोपायला नेलं होतंत आम्हाला, आणि मग काही होत नाही म्हणून सगळे घरात परत आलो. तिथले लोकही हेच सांगतात, सवय झाली होती.

घरंही पाहिली. जुनी लाकडी घरं आणि वर काळ्या चकचकीत कौलांचा जबरदस्त बोजा. बर्फ आणि खारं वारं सोसावं म्हणून तशी कौलं करतात. आपण माळवदावर दरवर्षी पांढरी माती टाकत गेलो, गळू नये म्हणून. दोन्हीकडे जे पावसापासून वाचवायला वर चढवलं तेच खाली आलं. वाजिमा गावात एक घर बघितलं. खालचा मजला नाहीच, छप्पर मात्र सबंध, कोंबडीनं पंख पसरून बसावं तसं जमिनीवर बसलेलं. आपली तर भिंतच दोन-अडीच हात रुंद होती, मातीत बसवलेल्या दगडांची. आजोबांबद्दल तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

तुम्हाला वाटत असेल, जपान म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर. तसं काही झालं नाही. डोंगरातले रस्ते तुटले, वाजिमा आणि सुझू या गावांना कित्येक महिने नळाला पाणी नव्हतं. शाळांच्या व्यायामशाळांत माणसं पुठ्ठ्याच्या पलंगांवर झोपली. सरकारनं सुरुवातीला सांगूनच टाकलं की स्वयंसेवकांनी आपल्या मनानं निघू नये, रस्ते अडतात, आणि घरातलं सामान गोळा करून पाठवू नये. मला पहिल्यांदा ते माणुसकीला धरून वाटलं नाही. मग आपल्या रस्त्याच्या कडेला पावसात कुजत पडलेला जुन्या कपड्यांचा ढीग आठवला. बघ्यांच्या गाड्यांनी अडलेला रस्ता आठवला. आई, त्या ढिगातून तू माझ्यासाठी लोकरीचा कोट आणला होतास, लातूरच्या ऑक्टोबरात! मी तो शाळेत घालून गेले होते आणि घामोळं आलं होतं.

भूकंपात थेट गेलेली माणसं तिथे 228. त्यानंतर निवाऱ्यात, थंडीत, औषधं चुकून, हाय खाऊन जी गेली त्यांचीही इथे भूकंपातच गणना करतात, आणि तो आकडा पहिल्या आकड्याच्या पुढे गेला आहे. आपल्याकडे असं कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर आजी कुठे बसली असती, हे मी परवापासून मनात धरून आहे.

आता कासेत्सुचं सांगते. कासेत्सु म्हणजे तात्पुरतं घर, आपण भूकंपानंतरच्या पत्र्याच्या घरांना शेड म्हणायचो तसं तिथली म्हातारी माणसं "कासेत्सु" म्हणतात. जिल्ह्यात अशी जवळजवळ सात हजार बांधली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बसमधून उतरून उभीच राहिले. सपाट जागेवर एकाला एक चिकटलेल्या रांगा, एकसारखी दारं, दारावर नंबर, बाहेर वाळत घातलेले कपडे. फक्त पत्रा पांढरा आणि स्वच्छ. आत साडेचार चटयांची खोली. हो, इथे खोली चटयांवर मोजतात, आपण घर खणांवर मोजायचो तशी. बाजूला ओटा, न्हाणीघर, आणि बाबा, एसी. आता हसू नका. आई तिकडे गोणपाट भिजवून पत्र्यावर टाकायची आणि अर्ध्या तासात ते पापडासारखं कडक व्हायचं, ते मला एसीखाली बसून आठवत होतं. दोन-तीन माणसांना साधारण 320 चौरस फूट देतात. मी बसमध्ये हिशोब करत बसले. आपल्याकडे भूमिहीनाला कायमचं घर 250 फुटांचं दिलं, आपल्याला चार एकर म्हणून 400, आणि सात हेक्टरांच्या वर असेल त्याला 750. ज्याचं शेत मोठं त्याचं डोकंही मोठं, असाच नियम होता जणू.

पण त्यांचंही काही सुखाचं नाही. सपाट जागा कमी, म्हणून काही वसाहती नदीकाठच्या पुराच्या पट्ट्यात बांधल्या. गेल्या वर्षी सप्टेंबरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नुकतंच सामान लावलेल्या त्या घरांत पाणी शिरलं. एकदा घर गेलेली माणसं दुसऱ्यांदा चिखल उपसत होती. काही ठिकाणी मात्र शहाणपण केलंय. लाकडाची नीट घरं बांधलीत, ती पुढे तशीच कायमची राहायला देता येतील. असं आपल्याकडे कुणाला सुचतं तर?

माझं काम साधं होतं. सामायिक खोलीत चहा करायचा, म्हाताऱ्यांशी बोलायचं, कुणाचं फडताळ हलवायचं. तिथे एक आजी भेटली, चौऱ्याऐंशी वर्षांची. वाजिमाच्या सकाळच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तो बाजार भूकंपानंतरच्या आगीत सबंध जळला. मी तिला विचारलं, भिंती फार पातळ आहेत, शेजारचा त्रास होत असेल ना? ती म्हणाली, "पहाटे पलीकडचा म्हातारा खोकतो. तो खोकला की मी उठते. एक दिवस खोकला नाही तर मीच जाऊन दार वाजवलं." तो शहरात लेकीकडे गेला होता म्हणे, सांगून न जाता, म्हणून ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले. मला आपली आजी दिसली. शेडमध्ये पहाटे उठली की चूल पेटवायच्या आधी ती पळीनं मधल्या पत्र्यावर दोनदा ठोकायची. टण टण. पलीकडून मावशी ठोकायची, कधी तांब्यानं, कधी नुसत्या हातानं, आणि ओरडायची, "हाय गं, हाय." मावशीचं घरातलं कुणी उरलं नव्हतं. एक नातू, त्याला जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं, बाराशे पोरं नेली त्यात. मी त्या ठोकण्यानं जागी व्हायची आणि चिडायची. एकदा तर मी पळी लपवून ठेवली होती, आणि आजीनं उलथन्यानं ठोकलं.

ते शेडही आपल्याला सरळ मिळालं नव्हतं. आपला नंबर दुसऱ्या टोकाला होता. बाबा, तुम्ही आणि बोळातल्या लोकांनी आपसात नंबर बदलून घेतले आणि सबंध बोळ एका रांगेत आणून बसवला. कागदावर कुणी राहत होतं आणि पत्र्याखाली कुणी. हे तुम्ही केलं होतंत हे मला आत्ता कुठे उमगलं.

बसमध्ये आमच्याबरोबर कोबेचा एक गृहस्थ असतो, साठीचा, वसाहतींतलं काम तोच बघतो. त्यानं सांगितलं, 1995 च्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, 6,400 वर माणसं गेली. मग तात्पुरती घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. म्हातारे आणि अपंग यांना आधी दिली, म्हणजे हेतू चांगलाच होता. पण गल्ल्या फुटल्या. एक इथे, दुसरा डोंगरापलीकडे. पुढच्या पाच वर्षांत त्या घरांत एकेकटी मरून पडलेली माणसं दोनशेवर सापडली, कुणाकुणाचं कित्येक दिवसांनी कळलं. अशा मरणाला जपानीत शब्दच आहे, कोदोकुशी. म्हणून पुढे 2004 मध्ये नीगाताकडे भूकंप झाला तेव्हा डोंगरातली गावं एकत्रच हलवली, शेजाराला शेजार ठेवून. तो हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, आमच्या बापानं हे आधीच केलं होतं, तेही साहेबाला न सांगता.

आणि मग आपल्याला पक्की घरं मिळाली. रुंद रस्ते, कंपासनं आखल्यासारखे चौक. घरं जमिनीच्या हिशोबानं वाटली, म्हणून 400 वाले एकीकडे आणि 250 वाले पार दुसरीकडे. मावशी तिकडे गेली. पहिल्या आठवड्यात आजी तिच्याकडे विस्तव मागायला निघाली आणि हरवली, कारण सगळी घरं एकसारखी. विजेचे खांब मोजत मी तिला परत आणलं. त्यानंतर तिनं सिमेंटच्या भिंतीवर पळी ठोकून पाहिली होती एकदा. आई, तुला आठवतं का? भिंतीचा पोपडा पडला आणि तू ओरडलीस. पलीकडून आवाज कसला येतोय! मग ती रोज काठी टेकत जुन्या शेडांच्या माळावर जाऊन बसायची. पुढच्या पावसाळ्यात गेली. डॉक्टरनं वय झालं म्हणून सांगितलं आणि आपण तेच धरून चाललो.

बाबा, तुम्ही तिच्या बाराव्यानंतर माळावरचे आपले पत्रे बैलगाडीत घालून आणलेत आणि परसात शेड ठोकलंत. आम्हाला वाटलं, बाबांना स्लॅबची भीती वाटते. भीती असेलही. पण पलीकडच्या काकूंनीही तुमच्या पत्र्याला लागूनच आपला पत्रा ठोकला, हे मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं.

दादा तुम्हाला पुण्याला नेतो म्हणतोय. त्याचं चुकतंय असं नाही, त्याला काळजी आहे. पण माझ्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर सुझूचं एक जोडपं राहतं, सरकारनं त्यांना भाड्याचा फ्लॅट घेऊन दिलाय. सगळी सोय आहे. म्हातारबाबा रोज सकाळी सातला कपडे करून खाली लिफ्टपाशी येऊन उभे राहतात. कुठेही जात नाहीत. आठला परत वर. मी दादाला हे कळवलंय आणि मे महिन्यातला माझा शब्द मागे घेतलाय. चिडला आहे, दिवाळीला आला की तुमच्यावर काढेल, तेवढं सोसा.

शेड पाडायचं नाही. मी जे पैसे स्लॅबसाठी पाठवले होते त्यातून गंजलेले पत्रे तेवढे बदलून घ्या, छताच्या आतल्या अंगाला थर्माकोल नाहीतर बांबूचा तट्ट्या मारून घ्या, उन्हाळ्यात फरक पडेल. वाऱ्यासाठी पत्रे धरायचे आकडे नवे टाका, नुसत्या दगडांवर भागवू नका. दाराशी दिवा लावा, विंचवाचं भ्या आहे. मधला पत्रा, काकूंच्या बाजूचा, मात्र हलवू नका.

आई, मे महिन्यात मी पाया पडताना बघितलं नाही, त्याची माफी. डिसेंबरात येतेय, पंधरा दिवस, आणि त्यातले पंधराही दिवस परसात झोपणार आहे.

एक काम बाबांना. वाजिमाच्या त्या आजीला मी सांगितलं की मीही लहानपणी कासेत्सुत राहिले, जवळजवळ साडेतीन वर्षं. ती लगेच म्हणाली, नंबर काय होता? तिला स्वतःचा तोंडपाठ आहे. मला आठवेना. आपल्या एका पत्र्यावर निळ्या रंगानं लिहिलेला होता, चुलीच्या वरच्या बाजूला, धुरानं काळा झालाय. ओल्या फडक्यानं पुसून बघा आणि मला कळवा. पण तुम्ही बदलून घेतलेला हवाय, कागदावरचा नको.

तुमची,
बाळी