काका, हातातल्या जीपीएसबद्दल तुमचे आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे. दर वर्षी मे महिना संपत आला की कोणी ना कोणी मला विचारतंच, "ताई, ट्रेकसाठी हातातला जीपीएस कोणता घेऊ?" मी जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं असतं. श्रेय ज्याचं त्याला मिळावं आणि विचारणाऱ्यांनाही एकदा सविस्तर उत्तर मिळावं, म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहू नकोस ही तुमची अट पाळली आहे.

मी तुमच्याकडे आले होते ती एका मॉडेलचं नाव डोक्यात घेऊन. तुम्ही मॉडेलकडे वळलाच नाहीत. कुठे जातेस, कोणत्या महिन्यात, बरोबर किती जणी असतात, वाट चुकली तर निर्णय कोण घेतं, हे विचारलंत. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेला माणूस तुम्ही. साखळी टाकण्याआधी हद्द कुठली ते विचारणारच. मग म्हणालात, "फोन का पुरत नाही, ते आधी मला पटवून दे."

हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. हिवाळ्यात राजगडाला जायचं असेल, ऑफलाइन नकाशा उतरवून घेतलेला असेल आणि पॉवर बँक बरोबर असेल, तर फोन पुरतो. फोनमधला रिसीव्हर आता चांगलाच असतो, उगाच पैसे घालवू नयेत. पण आमचा गट निघतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. ओल्या स्क्रीनवर ओलं बोट फिरवलं की नकाशा भलतीकडेच पळतो, थेंब पडला तरी फोनला ते बोटच वाटतं. शिवाय घरी कळवायला आणि मदत मागायला तोच एक फोन, त्याची बॅटरी नकाशात संपवायची नाही. एवढं सांगितल्यावर तुम्ही मान डोलावलीत आणि मग यंत्रावर बोलायला लागलात.

बटणं हवीत, टच नको. सेल बाजारात मिळणारे हवेत, म्हणजे दोन एए. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी असलेल्या खिरेश्वरच्या टपरीतही मिळतील असे. आणि स्क्रीन उन्हात, बॅकलाइट न लावता वाचता आली पाहिजे. या चाळणीतून माझ्यासाठी गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स उरले. दोन्हींचा पडदा २.२ इंचाचा, दोन्ही दोन सेलवर साधारण २५ तास चालतात असं कंपनी सांगते. फरक इतकाच की ३२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे. मला वाटलं, तुम्ही महागडंच घ्यायला सांगाल. तुम्ही विचारलंत, "साधं होकायंत्र बाळगणार आहेस ना?" ते तर माझ्या गळ्यातच असतं. मग २२एक्स घे, म्हणालात, आणि वाचलेल्या पैशात चांगले रिचार्जेबल सेल आणि चार्जर घे. त्या एका वाक्याने माझे बरेच पैसे वाचवलेत. अट एकच घातलीत: जागेवर उभं राहून यंत्राला दिशा विचारायची नाही. ज्यात होकायंत्र नाही त्या जीपीएसला आपण चालतो तेव्हाच दिशा कळते, उभं राहिलं की बाण भरकटतो. म्हणून दिशा होकायंत्रावर आणि जागा जीपीएसवर, ही आमच्या गटातली घडी तुम्ही बसवलीत.

जे वारंवार नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, उतरतात किंवा दाट जंगलात फिरतात, त्यांनी मात्र बाहेर जाड अँटेना असलेल्या जीपीएसमॅप मालिकेतलं यंत्र बघावं, हेही तुम्ही सांगितलं होतंत. मला ते पटलं सांधण दरीत. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, वर आभाळाची एक फीत. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, जागा कळायला त्यातले किमान चार दिसायला हवेत, आणि जे दिसतात त्यांचे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतात. पडद्यावरचा ठिपका कधी या भिंतीच्या आत तर कधी त्या भिंतीच्या पलीकडे. अशा ठिकाणी कुठलंच यंत्र पूर्ण खरं बोलत नाही, चांगल्या अँटेनाचं थोडं कमी चुकतं. २०२३मध्ये आलेलं ईट्रेक्स एसई दोन सेलवर १६८ तास चालतं असा कंपनीचा दावा आहे, आणि त्यामुळे हल्ली बऱ्याच जणांना ते घ्यावंसं वाटतं. त्याचा पडदा कृष्णधवल आहे आणि त्यात सविस्तर नकाशा बसत नाही. ज्याला फक्त ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली आपली चाललेली वाट, धरून परत यायचंय त्याला ते उत्तम. मला नकाशा लागतो.

एका गोष्टीसाठी तर तुमचे विशेष आभार. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, म्हणजे इनरीचसारखी, परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायची टूम आमच्या गटात निघाली होती. तुम्ही ताबडतोब थांबवलंत. आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असा संदेशवाहक बाळगणं बेकायदा आहे. पुढे २०२४च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना अडवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांनी तुमची आठवण काढली. नुसता सिग्नल घेणारा जीपीएस आणि उलट संदेश पाठवणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला सारख्या असतात म्हणून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचूनच घ्यावं.

आता वापराबद्दल. यंत्र घेतल्यावर लगेच डोंगरात जायचं नाही, हे तुम्ही बजावलंत आणि रविवारी सकाळी मैदानात बोलावलंत. नवीन किंवा बरेच महिने बंद असलेलं यंत्र उघड्या जागी स्वस्थ ठेवायचं, कारण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. सेल रिचार्जेबल असतील तर सेटिंगमध्ये तसं सांगायचं, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीचं दाखवते. जागेतली चूक दुरुस्त करणारा 'वास' (WAAS) नावाचा पर्याय चालू ठेवायचा. नाव अमेरिकेचं असलं तरी आपल्याकडे त्यातून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या 'गगन'ची दुरुस्ती मिळते. तुम्ही २ मे २००० या तारखेबद्दलही बोललात. त्या दिवसापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत होती आणि शंभर-शंभर मीटरचा फरक पडायचा. ज्याने तो काळ पाहिलाय त्यालाच आजच्या पाच-दहा मीटरची किंमत कळते, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मैदानातला तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. तुम्ही त्यावर १९.३९ लिहिलंत. विचारलंत, हा हरिश्चंद्रगडाचा अक्षांश, यंत्रात कसा भरशील? माझ्याबरोबरच्या मुलीने सरळ १९ अंश ३९ मिनिटं भरले. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त नकाशा उघडायला सांगितलात. ठिपका गडापासून जवळजवळ २९ किलोमीटर उत्तरेला, कळसूबाईच्याही पलीकडे पडला होता. अंशाचा ०.३९ भाग म्हणजे २३.४ मिनिटं. मग रेखांश भरायला सांगितलात, ७३.७८. तो तसाच भरायला गेलं तर यंत्र घेईचना, कारण मिनिटं साठाच्या वर जात नाहीत. "रेखांशाने वाचवलं, पण दर वेळी वाचवणार नाही. जागा सांगताना अंश दशांशात आहेत की मिनिटांत, हे आधी सांग." रेस्क्यूला फोन करताना हेच वाक्य आधी बोलायचं, हे आमच्या प्रत्येकीला आता पाठ आहे.

जुन्या टोपोशीटचं, म्हणजे छापील भूनकाशाचंही तसंच. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर बेतलेले, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. जुन्या शीटवरून वाचलेला आकडा तसाच भरला तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. पठारावर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. कड्याच्या कडेला ते फार होतात. कागद कोणता आहे ते बघून यंत्रातलं डेटम, म्हणजे हे गणित, बदलायचं आणि काम झालं की परत आणायचं, ही सवय तुम्हीच लावलीत.

आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पावसाळा सरल्यावर तुम्ही आम्हाला मुद्दाम तिथे नेलंत. कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसवलंत आणि यंत्रात कड्याखालचं बेलपाडा गाव निवडायला सांगितलंत. बाण बिनदिक्कत समोर, थेट पोकळीत. अंतर बघून वाटावं, तासाभरात पोचू. "बाणाला कडा माहीत नाही," एवढंच म्हणालात. नंतर नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवल्यात. फुकट मिळणाऱ्या नकाशांतल्या या रेषा बहुतेक वेळा २००० साली स्पेस शटलमधून रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. रडारला उभा कातळ नीट दिसत नाही, त्यामुळे जिथे सरळ तुटलेला कडा आहे तिथे नुसता तीव्र उतार असल्यासारखं वाटतं. सह्याद्रीत फिरणाऱ्याने हे माहीत नसताना नकाशा बघून उतरायची वाट ठरवणं किती धोक्याचं आहे, ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

वेपॉइंट म्हणजे यंत्रात खूण करून ठेवलेली जागा. "शिखराचा वेपॉइंट कशाला करतेस? शिखर दिसतंच. फाटा दिसत नाही." हेही तुमचंच. आमच्या यंत्रात आता फाटे असतात, टाकी असतात, ओढा ओलांडायची जागा असते. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावरच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर याचा उपयोग झाला तो एका ऑगस्टमध्ये, परत फिरताना. धुकं असं की पुढच्या मुलीची पाठपिशवी दिसेना. त्या टेकड्यांवर ढोरवाटा इतक्या की प्रत्येक वाट खरी वाटते. याच भागात २०२३च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेला एक गट वाट चुकला आणि त्यातला एक जण पावसात गारठून मरण पावला, हे आमच्या सगळ्यांच्या मनात होतं. फाट्याचा वेपॉइंट जवळ आला तशा आम्ही थांबलो. पडद्यावर आम्ही सकाळच्या ट्रॅकपासून थोड्या बाजूला दिसत होतो. तुम्ही सांगितलं होतंत की दहा-पंधरा मीटरचा फरक यंत्राचाही असू शकतो, त्यामागे धावायचं नाही. पन्नास पावलं चालायची आणि अंतर वाढतंय की कमी होतंय ते बघायचं. एका वाटेवर वाढलं. परत फाट्यावर आलो, दुसरी धरली, अंतर कमी झालं आणि मग ट्रॅकवर ट्रॅक बसला. खिंडीत उतरलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव होतं.

त्या दिवशी बरोबर खिरेश्वरचे वाटाडे होतेच. त्यांनाही तीच वाट वाटत होती, आणि यंत्राचा त्याला दुजोरा मिळाला. गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय पावसाळ्यात गडावर जायचं नाही, हा तुमचा नियम यंत्र आल्यावरही आम्ही मोडलेला नाही. उलट त्यातून एक नवं काम सुरू झालंय. वेपॉइंटला नुसते आकडे न देता, वाटाडे त्या जागेला काय म्हणतात ते विचारून तेच नाव द्यायचं. कुठल्या सोंडेला, कुठल्या झाडाला, कुठल्या पाणवठ्याला नाव आहे आणि ते कोणत्याच नकाशात नाही, हे तुम्हाला सर्वांत आधी सांगावंसं वाटतं.

काका, तुम्ही यासाठी एक पैसा घेतला नाहीत. रविवारचे रविवार आमच्यासाठी मोकळे ठेवलेत, आणि एकच गोष्ट पुन्हा विचारली तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर दिलंत. या वर्षी नव्या मुली येणार आहेत. त्यांना मैदानात मीच शिकवणार आहे, पण टोपोशीट वाचायच्या दिवशी तुम्हीच हवे आहात. गडावरच्या सगळ्या वेपॉइंटची जीपीएक्स फाइल पेन ड्राइव्हवर घालून आणते. जुन्या शीटवर त्या जागा तुमच्या हाताने मांडून द्याल का?

तुमची,
मैदानातल्या पहिल्या तुकडीतली